न गेलेली पत्रं

फोन खांद्यात आणि कानात दाबून धरत बाईंनी कॉम्प्युटरवर आउटबॉक्स उघडला, आणि त्या नुसत्याच बघत राहिल्या.

"किती मेल दिसताहेत?" इंटरनेट कंपनीतल्या मुलीने विचारलं.

"सहा."

सहावा कालचा, हॉस्पिटलला पाठवलेल्या आईच्या रिपोर्टांचा. ते पोचलेच नाहीत म्हणून हॉस्पिटलच्या कारकुनाने सकाळी झापलं, तेव्हा कुठे त्यांनी हा फोन लावला होता. बाकीचे पाच धाकट्या भावाला लिहिलेले. तो जहाजावर इंजिनियर. समुद्रात असला की मेलशिवाय त्याला गाठायची सोय नव्हती.

"मॅडम, स्पॅम रोखायला आम्ही पंचवीस नंबरच्या पोर्टवरून जाणारे मेल बंद केलेत. येणारे येतात, जाणारे अडकतात. सेटिंगमध्ये पंचवीसच्या जागी पाचशे सत्त्याऐंशी टाका, लॉगिनची खूण करा आणि ओके दाबा. अडकलेलं सगळं आपोआप जाईल."

कनेक्शन बदलून दहा दिवस झाले होते. मेल पाठवला की एक चौकट उघडायची आणि बाई ती न वाचताच मिटायच्या. आईचं दुखणं, शाळेचे तास, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. चौकटी वाचायचं त्राण होतं कुणाला?

त्यांनी आकडा बदलला. ओके दाबता दाबता बोट थबकलं. पहिल्या मेलमध्ये त्यांनी विचारलं होतं, ऑपरेशन करायचं का, तू म्हणशील तसं. पाचव्यात एकच ओळ होती : आई गेल्यावर कळवू, की तेही नको?

उद्या ऑपरेशन. संमतीपत्रावर काल त्यांनी एकटीनेच सही केली होती.

"झालं का, मॅडम?"

"एक मिनिट थांब, बाळा."

पाचही मेल त्यांनी पुसले. नवा लिहिला : 'उद्या सकाळी आईचं ऑपरेशन आहे. मीच ठरवलं. तुला विचारायचं राहून गेलं.' मग ओके दाबलं. रिपोर्ट गेले, पाठोपाठ नवा मेलही गेला.

आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई तिच्या पायाशी टेकल्या.

"त्याचं काही आलं का गं?"

आठवडाभर या प्रश्नाला बाईंचं एकच उत्तर होतं : त्याला आपली पडलेली नाही.

"माझं पत्रच पोचलं नव्हतं त्याला, आई. त्याला काही माहीतच नव्हतं."

आईने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तेवढे दिवस तरी नीट झोपला असेल."