दोन पळ्या तीर्थ

नांदगाव खंडेश्वरच्या चावडीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर काचेचे पेले, त्यांत एकाच घागरीतलं पाणी. नीलकंठ महाराज ज्याच्या त्याच्या नावाने पेल्यात कमंडलूतलं तीर्थ पळीने घालत आणि मंत्र म्हणत. मंत्र संपता संपता पापी माणसाचा पेला एका क्षणात शाईसारखा होई. लोक मागे सरत.

“पाणी सब देखता है, बेटा,” महाराज म्हणत. “पाण्याला वकील लागत नाही.”

देवीचं चांदीचं छत्र चोरीला गेलं होतं आणि संशय शकुनवर होता. ही विधवा माळीण देवळाला फुलं पुरवी, आणि अमरावतीला राजापेठेत आमच्या घरीही शेवंती आणून देई. पेला काळा झाला तर तिने मळा सोडून गावाबाहेर जायचं, असं खुशालराव पाटलांनी ठरवलं होतं. तिच्या विहिरीला बारमाही पाणी होतं आणि पाटलांचं शेत तिच्या बांधाला लागून होतं. तिने बोलावलं म्हणून मी आले. मी तिथे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते.

पुंजाराम गुराख्याचा पेला काळा झाला. पाटलांचा पेला मंत्र संपेपर्यंत नितळ राहिला आणि महाराजांनी तो लगबगीने तुळशीत ओतला. सगळे पाण्याकडे पाहत होते. मी पळीकडे पाहत होते. पुंजारामला दोन पळ्या तीर्थ मिळालं होतं. पाटलांना एकच पळी, आणि वर एक पळी साधं पाणी. हा प्रयोग मी नागपूरला कॉलेजात घड्याळ घेऊन केला होता. मी शकुनच्या कानाशी लागले.

तिची पाळी आली. महाराजांनी दुसरी पळी उचलताच तिने पेल्यावर हात ठेवला.

“पाटलाले एकच देल्ली. मले दोन काहून?”

“लय शानी झाली का वं?” खुशालराव म्हणाले.

“फुलं मापून द्या लागते मले, पाटीलबाबा. मापाचं समजते.”

मग मी पुढे झाले. म्हटलं, मी कशालाही हात लावत नाही. पळीही महाराजांची, मंत्रही त्यांचाच. दोन पळ्यांना एक मंत्र पुरतो. तीर्थ निम्मं केलं तर दोन लागतील, पाव केलं तर चार. शकुनच्या नव्या पेल्यात अर्धी पळी तीर्थ आणि दीड पळी पाणी घाला. चौथा मंत्र संपता संपता ते काळं होईल, त्याआधी नाही. चुकले तर इथेच महाराजांचे पाय धरीन.

देवाची परीक्षा घेऊ नये, असं महाराज म्हणू लागले. मागून पुंजाराम बोलला, “घाला ना महाराज. तुमच्या पाण्याले वकील लागत नाही ना?”

दुसऱ्या मंत्रापर्यंत महाराज टिकले. तिसऱ्यात अडखळले, तेव्हा लोकांनीच तो उचलला. एव्हाना सगळ्यांना पाठ झाला होता. शकुनची पापणी लवत नव्हती. चौथ्याच्या शेवटच्या ओळीवर पाणी काळं झालं.

“आता महाराजाच्या नावानं,” शकुन म्हणाली. “दोन पळ्या.”

पुंजारामने पळी घेतली. एकाच मंत्रात महाराज पापी ठरले. मग मी ठरले. मग कुणीतरी देवीचं नाव घेतलं, आणि तीही सुटली नाही.

घागरीत पेजेची निवळ, आयोडाइड आणि फोटोवाल्यांचा हायपो होता. कमंडलूत कान धुवायचं पेरॉक्साइड, थोडं आम्ल घातलेलं. दोन्ही मिसळले की आयोडीन हळूहळू तयार होतं आणि हायपो ते गिळत राहतो. हायपो संपला की उरलेलं आयोडीन पेजेला निळंकाळं करतं. तीर्थ निम्मं तर वेग निम्मा आणि वेळ दुप्पट; पेरॉक्साइडच्या बाबतीत ही अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे. माप आणि वेळ यांचा हिशेब मांडला की शेवटी एक आकडा उरतो, वेगाचा स्थिरांक. ऊन-थंडीने तो बदलतो. माणसाच्या नावाने, जातीने, विहिरीने बदलत नाही.

छत्र कोणी नेलं, मला ठाऊक नाही. ते शोधायला विचारपूस करावी लागेल, साक्षी लागतील, कदाचित वकीलही लागेल. शकुन मात्र आपल्या मळ्यात आहे. कुणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला तर हात जोडण्याआधी एवढंच करा: एकदा माप बदला, एकदा नाव बदला, आणि कशाने फरक पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.