साठच्या वर

खोडरबराचा एकच कोपरा पांढरा उरला होता, बाकी सगळं लाल पेन्सिलीने मळलेलं. पांढऱ्या कोपऱ्याने खोडलं तर कागदावर डाग राहत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ती मळक्या बाजूनेच घासत होती... का? डाग राहावा म्हणून? छे, घाई होती म्हणून. साडेअकराला दीर येणार होता.

दीर म्हणजे मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक. एवढ्याशा गावात सरकारी शाळा दोनच – एक त्याची, तीन मजली, प्रयोगशाळा असलेली. आणि एक हिची, जुन्या वजनकाट्याच्या खोलीतली, पाटीवर ‘पर्यायी शाळा’ आणि लोकांच्या तोंडी ‘उरलेल्यांची’. त्याला नकोशी झालेली मुलं हिच्याकडे यायची, आणि त्यातलं एखादं सहामाहीत साठच्या वर गेलं की नियमाप्रमाणे पुन्हा त्याच्याकडे. आयत्या बिळावर नागोबा. नऊ वर्षांत तिने सात मुलं अशी वर काढून दिली होती, आणि त्याच्या निकालाच्या फळ्यावर त्यांची नावं झळकताना पाहून ती दर वेळी मान वळवून निघून आली होती.

यंदा पाळी मागचीची. मोठ्या शाळेत ही मुलगी कायम शेवटच्या बाकावर बसायची म्हणून तिथे पडलेलं ते नाव, इथे मागचा बाकच नाही तरी सुटलं नाही. सगळ्या विषयांच्या शंभर गुणांच्या एकाच पेपरात मागचीला अडुसष्ट. आणि पटावर मुलं बारा. बाराची अकरा झाली की शाळा बंद, हाही नियमच. मग उरलेल्या अकरांना कोण घेणार? दीर? त्याने तर त्यांना वाजतगाजत बाहेर काढलेलं.

रविवारी तो हिच्याच घरी जेवायला आला होता. हिच्याच हातचं पोटभर जेवला, आणि हात पुसता पुसता म्हणाला,

“तिला दहावीला बसायचं तर माझ्याकडेच यावं लागेल ना, वहिनी. तुमच्याकडे आठवीच्या पुढे आहे काय?”

वहिनी! एवढी गोड सुरी तिने दुसरी पाहिली नव्हती. आणि सर्वांत जास्त राग याचा की तो खोटं बोलत नव्हता.

मी हे माझ्यासाठी करत नाहीये, तिने खोडता खोडता स्वतःला बजावलं, अकरा पोरांसाठी करतेय. सहाव्या प्रश्नाचे सातचे चार. निबंधाचे नवाचे सहा – कुणी विचारलं तर निबंधाला सांगायला कारणं शंभर. भूगोलाच्या नकाशाचे दोन, शुद्धलेखनाचे दोन... झाले दहा. दहावी तिला एक वर्ष उशिरानेही देता येईल. येईल ना? घरचे थांबतील तेवढं? नसतील थांबत तर... तो विचार तिने बाजूला सारला आणि कागदावरची रबराचा भुगा फुंकून टाकला.

आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती तिनेच स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलेली. या शाळेत गुण पेन्सिलीने लिहायचे, बेरीज मुलाने करायची आणि खाली सहीही त्यानेच करायची – बाई चुकू शकतात, तपासा, विचारा, भांडा. पहिल्याच दिवशी ती हे सांगायची. त्यामुळे खाली मागचीच्या हातचं अडुसष्ट होतं, सहीसकट, कालचं, आकड्याला त्या मुलीने हौसेने चौकट काढलेली. सही लगेच गेली, ती चौकट खोडायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मागचीला तिने टेबलापाशी बोलावलं. बेरीज पुन्हा कर म्हणाली, एवढंच. मुलगी वाकली. तिचं बोट प्रश्नाप्रश्नावरून खाली सरकत गेलं, सहाव्यापाशी थांबलं, लालसर डागावरून एकदा फिरलं, पुढे गेलं. निबंधापाशी पुन्हा थांबलं. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

विचार, बाई मनात म्हणत होती. काल अडुसष्ट होते म्हण. भांड माझ्याशी, तीन वर्षं तेच तर शिकवलं... तू भांडलीस तर मी आत्ता, या क्षणी सगळं पुन्हा लिहीन.

“अठ्ठावन्न,” मागची म्हणाली. “सही कुठे करू?”

“बरोबर आहे ना बेरीज?”

“तुम्ही म्हणाल ते, बाई.”

तीन वर्षांपूर्वी दिराच्या शाळेतून आली तेव्हा या मुलीला एवढं एकच वाक्य येत होतं. ते तिच्या तोंडून काढून टाकायला बाईचं एक अख्खं वर्ष गेलं होतं.

मागचीने सही केली, पेन्सिल टेबलावर नीट ठेवली आणि जागेवर जाऊन बसली – भिंतीला लागून, सगळ्यांच्या मागे. आणि बाईला तिचा राग आला. ढोंगी नाही, दाखवायचा नाही, अगदी खरा, पोटातून उठलेला राग: काय मख्ख पोरगी आहे, हिच्यासाठी किती करायचं, हिच्यात मुळात काही नाहीच... हे सगळं तिने कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं, शब्दन् शब्द, आणि कुणाच्या ते आठवायला वेळ लागला नाही.

दारात दीर उभा होता. त्याने कागदासाठी हात पुढे केला. तिने कागद धरून ठेवला होता; दुसऱ्या हाताच्या मुठीत खोडरबर होतं, घामाने ओलं, आणि त्याचा पांढरा कोपरा कुठल्या बाजूला आहे हे तिला आता बोटांनी कळत नव्हतं.