दोन बोटं

मास्तरांनी भोपळ्यावरचा ओला झगा दोन्ही हातांनी अलगद उचलला, दोरीवर टाकला आणि गळ्यातला टेप काढला. शिवणकामाचं दुकान बंद होऊन वर्षं लोटली होती, पण टेप काही गळ्यातून उतरला नव्हता. गुडघे कुरकुरत असतानाही ते भोपळ्याभोवती रांगत फिरले, टेपची टोकं जुळवली, सवयीने खाली दोन बोटं सरकवली आणि आकडा सांगितला. मग देठापासून बुडापर्यंत. मग या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. मुलगी मागच्या दाराच्या पायरीवर बसून बेरीज करत होती. तिच्या मांडीवर स्पर्धावाल्यांनी दिलेला तक्ता होता. तिन्ही मापांची बेरीज शोधायची आणि समोरचं वजन वाचायचं.

"एकशे सव्वीस किलो!" ती ताडकन उठली. "बाबा, आईचा एकशे अठराचा होता. तुम्ही आईचा विक्रम मोडणार!"

मास्तरांनी टेप गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"ऊन चढतंय," ते म्हणाले. "झगा भिजवून आण."

भोपळ्याचं वेड मुळात त्यांच्या बायकोचं. थंड मुलखात म्हणे भोपळे मोटारीएवढे होतात. इथल्या उन्हात साल लवकर कडक होते आणि आत गर वाढतच राहिला की भोपळा मधोमध तडकतो. तिचा पहिला भोपळा स्पर्धेच्या आठवड्यातच तडकला, तेव्हा ती दिवसभर कोणाशी बोलली नव्हती. "पोरांना परीक्षेत भोपळा फुकट मिळतो, तू कशाला एवढी राबतेस?" असं तोवर चिडवणारे मास्तर त्या रात्री गुपचूप मशीनवर बसले आणि जुन्या चादरींचा एक पांढरा, घेरदार झगा त्यांनी शिवला. पुढच्या वर्षीचा भोपळा त्या ओल्या झग्याच्या सावलीत मऊ राहिला. दुकानात येणाऱ्या आया सांगत तसंच ती सांगायची, "वाढत्या अंगाचा शिवा हो." दर पंधरवड्याला नवा झगा लागायचा आणि मास्तर कुरकुरत, पण शिवायचे.

लोकांनी तिचं नाव भोपळेकाकू ठेवलं आणि तिला ते मनापासून आवडलं. "आपलं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं," ती म्हणायची. "विळा नाही, कात्री," मास्तर दुरुस्ती करायचे. दोघं भांडत बऱ्याचदा, पण मापाच्या दिवशी तर आवाज पार कोपऱ्यापर्यंत जायचा.

ती गेली त्याच्या आधीच्या शेवटच्या स्पर्धेत तिने विक्रम केला. स्पर्धा होते त्या सभागृहाच्या दारावर एक फळी आहे. रंगाऱ्याने तिच्यावर लिहिलं, 'भोपळेकाकू, ११८ किलो'. फळीवर जागा एकाच ओळीची. नवा विक्रम झाला की जुन्या नावावर रंग फासायचा, ही तिथली रीत. मास्तर रोज सकाळी वाट वाकडी करून त्या दारावरून जात. थांबत नसत, फक्त चाल मंदावत असे.

यंदा मास्तरांनी वेल लावला तो तिच्या ब्लाउजच्या तुकड्यात बांधून ठेवलेल्या बिया वाया जाऊ नयेत म्हणून. सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर कसं टेकवायचं, एक सोडून बाकीची फळं कशी खुडायची, सगळं तिला बघून बघून त्यांना पाठ झालेलं. जिंकायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आणि आता त्यांच्याच हाताने तिचं नाव पुसलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी झगा काढला आणि घडी घालून आत नेला. एक दिवसाचं ऊन पुरे होतं. साल कडक झाली असती, भोपळा तडकून स्पर्धेतून बाद झाला असता, फळी शाबूत राहिली असती. कोणी विचारलं असतं तर म्हातारा विसरला म्हणून सुटकाही होती.

ते मशीनपाशी बसले. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, दोरा जाईना. खिडकीतून भोपळा दिसत होता, उन्हात उघडा, केशरी. पोटच्या पोराला अंगणात उभं करून दार लावल्यासारखं त्यांना झालं. 'वाढत्या जिवाला अडवू नये,' असं ती म्हणायची. वेलाबद्दल म्हणायची, मुलीबद्दलही म्हणायची, मुलगी शिकायला लांब निघाली तेव्हा तर मास्तरांना चांगलं दटावून म्हणाली होती.

ते उठले. झगा बादलीत बुचकळला आणि ठिबकता तसाच नेऊन भोपळ्यावर पसरला. कडेला तो थोडा आखूड पडत होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी नवा शिवला, वाढत्या अंगाचा.

त्याच आठवड्यात, स्पर्धेच्या सकाळी, पाच-सहा जणांनी चादरीच्या झोळीतून भोपळा टेंपोत चढवला. मास्तर त्याच्या शेजारी बसून आले. सभागृहाच्या दारात रंगारी स्टुलावर चढून फळीवरची धूळ झटकत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. रंगाचा डबाही त्याने उघडून ठेवला होता. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं.

काट्यावर भोपळा ठेवला. आकडे फिरले आणि थांबले. एकशे पंधरा.

"काटा बिघडलाय," मुलगी म्हणाली. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. एकशे पंधराच. यंदाचं पहिलं बक्षीस मास्तरांचंच होतं, त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. पण विक्रम नव्हता. मुलीचे डोळे भरून आले.

"असं कसं होईल? तुम्ही तर माझ्यासमोर नीट मापलं होतं."

मास्तर उजव्या हाताची दोन बोटं बघत होते. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं म्हातारा खचला. मुलीने दंड धरला तेव्हा तिला कळलं, ते हसत होते.

"जन्मभर टेपखाली बोटं घालून माप घेतलं," ते म्हणाले. "माणसाला श्वास घ्यायला जागा लागते ना. भोपळ्याला कशाला लागते? तीन मापं, तिन्हींत दोन दोन बोटं." त्यांनी डोळे पुसले. "टेपचं दुसरं टोक तुझी आई धरायची. माझ्या मनगटावर फाडकन मारायची. म्हणायची, 'बोटं काढा! भोपळ्याला ब्लाउज शिवायचाय का?'"

आता मुलगीही हसली. मग बापाच्या खांद्यावर डोकं टेकून थोडा वेळ उभी राहिली. मास्तरांना बायको फार आठवली, आणि मनगट उगाच रिकामं वाटलं.

"मास्तर," रंगाऱ्याने स्टुलावरूनच विचारलं, "डबा उघडून बसलोय. आता काय करू?"

मास्तर दाराशी गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा फळीसमोर उभे राहिले.

"उघडलाच आहेस तर तीच अक्षरं गिरव. 'काकू' उन्हाने उडालंय."

"जरा मोठी काढू?"

"नको," मास्तर म्हणाले. "अगदी अंगाबरोबर."