उद्याची तपासणी

याकोमिनाच्या वाढदिवसाला खुर्च्या नेहमीसारख्या गोलात मांडल्या होत्या. येणाऱ्याने गोलातल्या एकूण एक माणसाचं अभिनंदन करायचं, कॉफी आणि केकचा एकच तुकडा घ्यायचा, आणि दुसरी कॉफी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. झीलंडच्या त्या डच गावात ही रीत मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

सून लोनके आली. तिचा आठवा महिना संपत आला होता. तिने सगळ्यांशी हात मिळवले, बसली आणि उजवा हात बरगडीखाली दाबून धरला. याकोमिनाने तो हात पाहिला आणि ती केक कापत राहिली.

गप्प राहायला कारण होतं. याकोमिनाचा सारा जन्म सुईणीच्या कामात गेला होता. शिवाय देशात बाळंतपणापायी गेलेल्या प्रत्येक बाईचे कागद वाचणाऱ्या समितीवर तिने पुष्कळ वर्षं काढली होती. त्यामुळे दिवस राहिल्याचं सांगतानाच लोनकेने बजावलं होतं, की मला सासू हवी आहे, सुईण माझी मी शोधली आहे. याकोमिनाने तसा शब्द दिला होता. रक्तदाबाचं यंत्र तिने स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकलं होतं.

याकोमिनाची थोरली बहीण पीटरनेल गोलात बसली होती. तिचंही लोनकेच्या हाताकडे लक्ष गेलं.

"आम्ही पोट धरून बसलो असतो ना गं, तर गाईंनी काय आपलं आपण दूध काढून घेतलं असतं?"

सगळे हसले, लोनकेही हसली. डोकं सकाळपासून ठणकतंय खरं, ती म्हणाली, पण बाळ वर सरकून लाथा मारतंय, एवढंच. उद्या तपासणी आहेच.

याकोमिनाची सुरी थांबली. हे वाक्य तिने फार वेळा वाचलं होतं.

ती समितीवर आली तेव्हा आकडा चढत होता. इतका श्रीमंत देश, हाकेच्या अंतरावर दवाखाने, आणि बाळंतपणात मरणाऱ्या बायका वाढताहेत, हे कुणाला पटेना. मुळात आकडे लहान. एखाद्या वर्षी दोन मृत्यू कमी झाले तरी आलेख कोसळल्यासारखा दिसे. म्हणून एका वर्षाच्या आनंदात ती कधी सामील झाली नाही. पण कागदांतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे येई. रक्तदाब चढलेल्या बायका कुरकुर करत नसत. बरी आहे, सोमवारी येतेच आहे, सुट्टीच्या दिवशी कुणाला कशाला त्रास. आणि ऐकणारेही तशाच घरांत वाढलेले, त्यांनाही ते शहाणपणाचं वाटे. समितीने शेवटी स्वच्छ लिहिलं, की दिवस भरत आलेल्या बाईच्या बरगडीखाली दुखलं, डोकं दुखलं, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजा. पुढच्या वर्षांत देशाचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, आणि त्यात रक्तदाबाचे मृत्यू सर्वांत जास्त उतरले.

याकोमिना पहिल्याच कॉफीला उठून उभी राहिली.

"लोनके, तुझ्या सुईणीला फोन लाव. आत्ता."

"आई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मोडतेय मी. मी हात नाही लावणार तुला, पण तिला बोलव."

"रविवार आहे. तिलाही घरदार आहे. उद्या सकाळी जायचंच तर आहे."

"उद्या तपासणी असलेल्या बायकांचे कागद वाचलेत मी. त्यांचा उद्या आला नाही."

वाढदिवसाला हे काय अभद्र, असं पीटरनेल पुटपुटली. लोनकेचा नवरा ब्राम एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. लोनकेला राग आला होता. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आता याकोमिनाला दुसरीच धास्ती वाटू लागली. ती तरुण सुईण म्हणाली, की एक गोळी घे, पड जरा, उद्या बघू, तर? माळ्याच्या जिन्याकडे तिचं लक्ष लागलं.

लोनके बाहेर आली ती राग विसरून.

"येतेय म्हणाली. मी म्हटलं आज रविवार आहे, तर म्हणते, वार मला माहीत आहे, तू बसून राहा."

सुईणीचं नाव योरीन. तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि कुणाचंही अभिनंदन न करता गोल ओलांडून ती थेट लोनकेपाशी गेली. दंडाला पट्टा बांधला, मोजलं, पुन्हा मोजलं आणि रुग्णवाहिका मागवली. याकोमिना कोण हे तिला ठाऊक नव्हतं. ब्रामला ती समजावत होती, की बरगडीखाली दुखलं तर त्याच दिवशी मोजायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. गाडीने उजवीकडूनच जायचं असतं, तितक्या सहज ती बोलली. भीती वाटत असतानाही याकोमिनाची मान ताठ झाली.

संध्याकाळी शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. चणीने लहान, पण आवाज खणखणीत. लोनकेच्या यकृताला सूज चढू लागली होती. सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टरांनी ब्रामला सांगितलं.

काही दिवसांनी, जरा बसता येऊ लागल्यावर, लोनकेने विचारलं, "तुमच्या त्या आकड्यात मी येणार का?"

"नाही. त्यात गेलेल्याच मोजतात."

"म्हणजे हे कुणाला कळणारच नाही?"

"नाहीच कळणार."

हे याकोमिनाने एखादं बक्षीस जाहीर करावं अशा थाटात सांगितलं. लोनकेला हसू आलं, टाके दुखले, तरी ती हसत राहिली. तेवढ्यात परिचारिका रक्तदाब मोजायला आली. याकोमिनाने खुर्ची मागे ओढून तिला वाट करून दिली.