रिकामा पत्ता

ऑफिसात मला सगळे 'संशयात्मा' म्हणतात. म्हणू देत. प्रोग्रॅम लिहायच्या सी भाषेत पॉइंटर म्हणजे एखाद्या गोष्टीचा पत्ता, आणि कधीकधी तो पत्ता रिकामा, म्हणजे नल, निघतो. न बघता तिकडे गेलेला प्रोग्रॅम जागीच कोलमडतो. म्हणून मी प्रत्येक पत्ता वापरण्याआधी तपासते.

आमची कंपनी शिरेतून औषध सोडणारा पंप बनवते. पुढच्या आठवड्यात तोच पंप घरी माझ्या आईच्या उशाशी लागणार होता. तो बाजारात सोडायला शेवटची सही माझी लागायची, आणि साहेबांना ती आत्ताच्या आत्ता हवी होती.

"तुझ्या तपासण्यांनी कोडची पार गोधडी केली होतीस," साहेब म्हणाले. "मी सगळ्या काढून एकेका ओळीचे असर्ट टाकलेत. काम तेच. कर सही."

माझं डोकंच फिरलं. असर्ट ही तपासणीच, पण फक्त आमच्या टेबलापुरती. ग्राहकाकडे जाणारा प्रोग्रॅम तयार होताना आमच्याकडे ती आपोआप गळते. साहेबांना हे ठाऊक होतं. घाईत विसरले की सोयीनं, ते त्यांचं त्यांना माहीत.

"अगं, औषध किती जातंय ते मोजणारा सेन्सर पंपाला कायम जोडलेला असतो. त्याचा पत्ता रिकामा येईलच कसा?"

"असा." ग्राहकाचा प्रोग्रॅम घातलेला, पाणी भरलेला पंप मी चालू केला आणि सेन्सरची वायर उपटली.

स्क्रीन काळी पडली. भोंगा वाजलाच नाही. मोटर मात्र खुशाल फिरत राहिली, आणि नळीतलं पाणी टेबलावरून थेट साहेबांच्या बुटांवर.

"अशी मुद्दाम वायर कोण काढतं?"

"माझी आई. झोपेत कूस बदलते ती."

"उगाच फाटे फोडू नकोस. तुला जमत नसेल तर दुसरं कुणी सही करेल. मग तू घरीच बस."

घाबरले मी, खोटं कशाला बोलू? पण तोंड गप्प बसेना. ती गळकी नळी मी त्यांच्यासमोर धरली.

"आज हा पंप तुमच्या आईला लावा. उद्या येऊन मुकाट्यानं सही करते."

साहेबांनी ओले बूट मागे घेतले. मग त्यांनी माझ्या सहीसाठी आणलेलं पेन खिशात घातलं.

"टाक परत त्या तपासण्या," ते पुटपुटले.

"टाकतेच. पण तुम्ही हलायचं नाही. वायर तुम्हीच उपटायची."

दुपारी त्यांनी ती उपटली. मोटर थांबली आणि भोंगा असा कोकलला की सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मग मी पेन मागितलं.