मी दहा लाख ठिकाणी वाटला गेलो ती गोष्ट

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या बायकोचासुद्धा बसला नाही, आणि तिनं तर माझ्या पोटातून पलीकडचं घड्याळ बघून मला वेळ सांगितली होती.

मी शाळेचा शिपाई. तास संपला की व्हरांड्यातल्या पितळी घंटेवर टोल द्यायचा, हे माझं मुख्य काम. बाकी मग किल्ल्या, खडू आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या. मला सगळे मामा म्हणतात. आत्ताच्या मुलांच्या आयाही शाळेत असताना मला मामाच म्हणायच्या. म्हणजे नात्यानं मी आता आजोबा लागतो, पण शाळेतला मामा बढतीवर जात नाही.

शाळा उघडली की पहिल्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पाचवीच्या नव्या मुलांना फोन आणि संगणक वापरण्याचे अकरा नियम वाचून दाखवतात. तासाला फोन दप्तरात. पासवर्ड सख्ख्या मैत्रिणीलाही सांगायचा नाही. गृहपाठ आपल्या डोक्यानं करायचा, यंत्राच्या नाही. चौथ्या नियमाला मुलं जांभया देतात, सहाव्याला बाई स्वतः देतात. सातव्यापाशी त्या थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हा मामांकडून ऐका."

सातवा नियम असा: विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नये. काढला तर पुढे पाठवू नये. पाठवलाच, तर त्या माणसासमोर येऊन सांगावं.

यंदाही माझ्या एवढ्याशा खोलीत चाळीस मुलं दाटीवाटीनं बसली. पुढेच एक चष्मेवाली होती. तिचं नाव मी दोन मिनिटांत शंकाबाई ठेवलं.

"मामा, ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून का टांगलीय?"

"भिंतीला ओल आलीय. झाकलीय."

"मग सरळ टांगली तरी झाकेलच की."

"शंकाबाई, गोष्ट ऐकायची आहे की भिंत बघायची आहे?"

"गोष्ट," ती म्हणाली. पण डोळे भिंतीवरच.

तर, मधली सुट्टी संपल्याचा टोल देऊन मी स्टुलावर टेकलो होतो. टेकलो म्हणजे झोपलो. गाढ. मान मागं, तोंड सताड उघडं, टोपी एका कानावर आणि लाकडी हातोडा मांडीवर, तान्ह्या बाळासारखा. तेवढ्यात नववीतली एक मुलगी तिथून गेली. हुशार पोर, वेणीत कायम पेन खोचलेलं, म्हणून तिला सगळे पेनवाली म्हणत. तिनं फोन काढला, फोटो टिपला आणि आपल्या मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'फक्त तुलाच.'

त्या मैत्रिणीनं तो चौघींना पाठवला. प्रत्येकीला लिहिलं, फक्त तुलाच. त्या चौघींनी आणखी चौघाचौघांना. फक्त तुलाच, फक्त तुलाच, असं करत तो फोटो फाटकाबाहेर पडला. मी मात्र आत घोरत होतो.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, अर्धी मिशी कुठं ठेवून आलात?"

आरशात बघतो तर उजवीकडची मिशी नाही. कापलेली नाही, पांढरी झालेली नाही. नाहीच. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वजन केलं. एकसष्टचा मी बावन्न भरलो. बायको म्हणाली, "चांगलं झालं, डॉक्टर कधीचे सांगत होते." तिसऱ्या दिवशी वेळापत्रकावर हात ठेवला आणि हाताच्या आरपार मला शुक्रवारचा चौथा तास वाचता आला. भूगोल.

"रक्त दिसत नव्हतं?" शंकाबाई.

"रक्तही गेलेलं होतं ना बाई, वाटणीत!"

हसू नका. तोवर मीही हसत होतो. पण त्या दुपारी मी टोल द्यायला हातोडा उचलला, जीव खाऊन हाणला, आणि घंटेतून आवाज आला तो कपावर चमचा लागावा तेवढा. कुणालाच ऐकू गेला नाही. तिसरा तास दोन तास चालला. गणिताचे सर खूश, पण मी हादरलो. पस्तीस वर्षं या हातानं हजारो मुलांना उठवलं, बसवलं, घरी सोडलं. तो हातच उरणार नसेल, तर मी कोण?

संगणकाच्या बाईंनी मला फळ्यासमोर बसवलं. "एकीनं चौघींना," त्यांनी लिहिलं. "चौघींनी सोळांना. सोळांनी चौसष्टांना." लिहीत गेल्या. दहाव्या ओळीला फळा संपला आणि आकडा झाला दहा लाखांच्या वर.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही दहा लाख ठिकाणी वाटले गेला आहात. प्रत्येकाच्या वाट्याला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे. आणि अजून थांबलेलं नाही. हे असंच चाललं तर शनिवारपर्यंत..."

मी फळ्याकडे बघत राहिलो. माणूस आयुष्यभर एका खोलीत, एका स्टुलावर बसतो, आणि फक्त दहा ओळींत एवढा लांब जातो! भीती वाटायला हवी होती. मला आधी नवलच वाटलं.

मोठ्या बाईंनी सगळी शाळा मैदानात उभी केली. नऊशे मुलं. "ज्यांच्याकडे मामांचा फोटो आहे त्यांनी तो आत्ताच्या आत्ता पुसून टाका." नऊशे अंगठे हलले. मी अंगावरून हात फिरवून पाहिलं. काही नाही. उलट एक गुडघा कमी झाला.

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात पेनवाली रांगेतून निघून माझ्यापर्यंत आली. वेणीतलं पेन हातात घेतलेलं, त्याचं टोपण काढत होती, लावत होती.

"मामा, फोटो मी काढला," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही हसण्यासारखे दिसत होता म्हणून."

बाळांनो, त्या क्षणी माझा उजवा अंगठा परत आला! हातोडा लागून नख काळं पडलेला, माझाच. मी तो वर करून दाखवला, तर नऊशे मुलांनी एकदम श्वास आत घेतला. मैदानावरची धूळसुद्धा त्यांच्याकडे ओढली गेली.

मग तिची मैत्रीण आली. "मी चौघींना पाठवला." माझी करंगळी आली. मग त्या चौघी आल्या. रांग लागली. जो तो समोर येई, डोळ्याला डोळा देई, आपण काय केलं ते सांगे, आणि माझा एकेक तुकडा गपकन जागेवर बसे. नुसतं पुसून चालत नव्हतं. सांगावं लागत होतं.

पण बाहेर गेलेल्यांचं काय? पेनवालीच म्हणाली, "ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत बोलवू." प्रत्येकानं आपल्याकडून पुढे गेलेल्याला फोन लावला. ऐकणाऱ्यानं त्याच्या पुढच्याला लावला. नऊशे मुलं कानाला फोन लावून उभी, आणि एकही हसत नाही. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. नऊशे जण एकाच वेळी हळू आवाजात माफी मागत होते, पोळ्यात मधमाश्या गुणगुणाव्यात तसे.

तीन दिवस मी येत होतो. कुठून कुठून येत होतो! डावा खांदा आला तो भिजलेला, तिकडे पाऊस चालू असणार. टाच आली ती बर्फासारखी गार. गुडघा समुद्र ओलांडून आला, मिठानं पांढरा झालेला. गेलेली अर्धी मिशी आली तिला जहाजाच्या तेलाचा वास, तो आठवडाभर गेला नाही. कुणी कुठल्या भाषेत माफी मागत होतं मला माहीत नाही, पण मला सगळं कळत होतं, कारण ते ऐकणारा कान त्यांच्याकडून नुकताच परत आलेला माझाच कान होता. ज्या माणसांनी मला कधी पाहिलं नाही, मी ज्यांना कधी बघणार नाही, त्यांनी आपलं काम थांबवून दोन-तीन दाण्यांएवढा मी परत पाठवला. पोरांनो, जग केवढं आहे हे मला भूगोलाच्या तासानं शिकवलं नाही. माझ्या टाचेनं शिकवलं.

शनिवारी दवाखान्यात वजन केलं. एकसष्टला एक चिमूट कमी. डाव्या कानाची पाळी नव्हती.

"म्हणजे एक फोटो अजून कुणाकडे तरी आहे," संगणकाच्या बाई म्हणाल्या. सगळ्यांना विचारून झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी बाईंनी हात पुढे केला, "मामा, तुमचा फोन बघू."

त्यात होता! माझ्या लेकीनं पाठवलेला. 'बाबा, किती गोड दिसताय, फक्त तुम्हालाच.' आणि खाली, मी तो माझ्या मेव्हण्याला पाठवलेला. काय लिहून, हे विचारू नका.

"फक्त तुलाच?" मागून दोन-तीन जण ओरडले.

तेच. मेव्हण्याला फोन केला, तो पोट धरून हसला, पण त्यानं पुसला. राहिलो मी. मी कुणासमोर जाऊन सांगणार? बाईंनी मला शाळेच्या आरशासमोर नेऊन उभं केलं, तो जिन्याखालचा, केस विंचरायचा. मी समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. दहा लाख माणसांनी केलं ते मला जड जात होतं.

"बाबा रे," मी म्हणालो, "तुला न विचारता मी तुला पाठवून दिलं."

आणि कानाची पाळी आली. गरम. कुणीतरी धरून पिळावी तशी.

मी पळत व्हरांड्यात गेलो आणि असा टोल दिला, असा दिला, की तीन गल्ल्यांपलीकडच्या शाळेतली मुलंसुद्धा दप्तरं उचलून घरी गेली. त्या संध्याकाळी मोठ्या बाईंनी सातवा नियम लिहिला. शेवटचं वाक्य पेनवालीनं सांगितलं. आणि तो फोटो? आता पृथ्वीच्या पाठीवर त्याची एकही प्रत नाही. शोधा हवं तर.

गोष्ट संपली. मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच आपला फोन काढून शेजारणीसमोर धरत होती, काहीतरी सांगत होती, आणि शेजारीण आधी रागावून मग हसत होती. मी समाधानानं टोपी सारखी केली.

"मामा," शंकाबाई उठून उभी राहिली. हात मागं बांधलेले, आवाज अगदी गोड. "ती फ्रेम उलटून बघू का? विचारतेय मी. न विचारता बघणार नाही."

चाळीस जोड डोळे माझ्याकडे. आत्ताच अर्धा तास घसा कोरडा करून विचारावं म्हणून सांगितलं होतं, आणि पोरीनं विचारलं होतं. नाही कुठल्या तोंडानं म्हणू?

"बघ," मी म्हणालो. "पण ओल आहे हं."

तिनं स्टुलावर चढून फ्रेम उलटली. मागं भिंत ठणठणीत कोरडी. तिनं चष्मा वर सरकवला, फ्रेमखालची अक्षरं बोट फिरवत वाचली, "शाळेचे मामा. विचारून काढलेला फोटो. प्रदर्शनात पहिला क्रमांक, इयत्ता नववी." मग फोटोला नाक लावलं. मान मागं, तोंड सताड उघडं, टोपी एका कानावर, हातोडा मांडीवर.

ती वळली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो मामा, तुम्ही झोपलेलेच नव्हता! डावा डोळा उघडा आहे!"