हिरव्या नेटखालची नळी

मी एक जुनी काचेची नळी आहे. माशांच्या टाकीचं पाणी तपासायच्या किटमध्ये मी राहते. माझ्यात पाणी घ्यायचं, बाटल्यांतले थेंब टाकायचे, थोडं थांबायचं आणि मला रंगांच्या पांढऱ्या कार्डाला टेकवून बघायचं. पिवळा रंग आला तर पाणी चांगलं. हिरवा आला तर पाण्यात अमोनिया, म्हणजे माशाला विष! माझा शब्द शेवटचा, याचा मला भारी तोरा होता.

मला अकोल्यात आणलं प्रणालीने. कॉलेजसाठी अमरावतीला जाताना तिने आपला सोनेरी मासा जानराव आजोबांवर सोपवला. "बिनधास्त जाय, मी हाये ना," आजोबा म्हणाले.

मे महिन्यात उन्हापासून सावली मिळावी म्हणून अंगणावर हिरवी नेट बांधली गेली. उकाड्याने मासा तळाशी बसू लागला आणि आजोबा घाबरले. घरात नीट दिसत नाही म्हणून ते मला अंगणात नेत आणि वर नेटकडे धरून बघत. कार्ड आतच राही.

"हिरवंच हाये!"

मग टाकीतलं पाणी उपसायचं आणि बोअरचं खारं, कोमट पाणी ओतायचं. पुन्हा तपासणी, पुन्हा हिरवं, पुन्हा बादली. मासा एका कुशीवर कलंडू लागला. मित्रांनो, मी पिवळी होते हो! पण काचेला कुठलं तोंड? माझा नुसता जळफळाट होत होता.

आजोबांनी पुन्हा बादली उचलली, तेवढ्यात वच्छला आजी गच्चीवरून वाळलेल्या कुरडया घेऊन उतरल्या.

"काहून त्याच्या जिवावर उठले तुमी? अन् ह्या कुरडया पाहा. वर पांढऱ्या होत्या, इथं हिरव्या दिसून रायल्या. याइलेबी अमोनिया झाला काय?"

आजोबांनी नेटकडे पाहिलं. बादली तिथेच टेकवून त्यांनी मला आत खिडकीपाशी नेलं आणि कार्डाला लावलं. पिवळी. लख्ख पिवळी.

आजींनी कूलर टाकीकडे वळवला. संध्याकाळी प्रणालीचा फोन आला.

"मीच पाणी बदलू बदलू त्याले अर्धा केला, बाई," आजोबा म्हणाले. "आता हात लावत नाई."

हात न लावणंच त्यांना सगळ्यात जड गेलं. ते टाकीसमोर बसून राहिले. सकाळी मासा हळूच वर आला आणि त्याने एक दाणा टिपला. आजोबांनी डोळे पुसले.

मित्रांनो, मला धुवा, कोरडी ठेवा, जपा. पण माझ्यावर विश्वास ठेवायचा असेल, तर आधी मला नीट उजेडात धरा. मी खरंच सांगत होते, तरी एक जीव जाता जाता राहिला.